ठसा कुणाचा?

उसाला रात्रपाळीचे पाणी दिले की सकाळी बांधालगतची माती पाटीसारखी गुळगुळीत होते. रात्री कोण गेले, ते तिच्यावर लिहिलेले असते. जुन्नरकडे माझ्या मावशीच्या शेतात एकदा असेच काहीतरी लिहिलेले होते आणि त्याभोवती सातआठ माणसे ओणवी उभी होती. मावशीचा थोरला म्हणत होता, वाघ. त्या भागात वाघ म्हणजे बिबट्या. पट्ट्यांचा वाघ तिकडे कुणाच्या आजोबांनीही पाहिलेला नसेल. शेजारच्या शेतकऱ्याचे मत पडले, कुत्रं असेल. कॉलेजातल्या एका पोराने मोबाइलवर फोटो काढून कुठेकुठे धाडला आणि दहा मिनिटांत त्याला उत्तरही आले: बिबट्याची मादी, सोबत पिल्लू.

तेवढ्यात शेतात मेंढरे बसवायला आलेले एक म्हातारे धनगर तिथे पोचले. सगळे ज्या ठशाकडे बघत होते त्याच्याकडे त्यांनी नुसती नजर टाकली आणि बांधाच्या कडेने पंधरावीस पावले चालत जाऊन परत आले.

"तरस हाय."

"कशावरून, बाबा?"

"नख उमटलंय. अन् पुढचा पाय केवढा, मागचा केवढा, ते बघा की. बिबट्या नख आत घेऊन चालतो."

एवढे बोलून ते चहाला गेले. मी घरी येऊन पुस्तके उघडली. तरसाचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा स्पष्ट मोठे असतात आणि बोथट नख्या मातीत उमटतात. बाबांचे निदान अक्षरन् अक्षर बरोबर होते. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात राहिली. ही विद्या आली कुठून, कुणाकुणाच्या हातून गेली, आणि ठसा वाचणाऱ्या माणसापेक्षा ठशाचा फोटो बघणाऱ्यावर आपला विश्वास कधी बसला?

शोध शब्दापासूनच सुरू करावा लागतो, कारण 'मागोवा' या लेखनप्रकाराचे नावच त्या विद्येतून आलेले आहे. मागोवा म्हणजे माग घेणे. माग हा शब्द मार्गावरून आला, प्राकृतातल्या मग्गमधून. आणि मार्ग कुठून आला? संस्कृत कोशकार त्याचे मूळ मृग या शब्दाशी जोडतात. मृग म्हणजे मुळात रानातले कुठलेही जनावर. हरणापुरता तो अर्थ नंतर आवळला गेला. मृगाची वाट तो मार्ग. आज आपण महामार्ग म्हणतो, सन्मार्ग म्हणतो, त्या सगळ्यांच्या बुडाशी एक जनावर पाण्याकडे गेल्याची पायवाट आहे. मागमूस, मागावर असणे, माग काढणे, माग लागू न देणे: मराठीत या घराण्यातले शब्द इतके आहेत की शहरात वाढलेला माणूसही दिवसातून दोनदा शिकाऱ्याची भाषा बोलतो.

रानातल्या खुणांची सरकारी नोंद ठेवायची कल्पनाही आपण समजतो तितकी नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हत्तींच्या राखीव वनाचा कारभार सांगितला आहे. तिथल्या वनपालांनी पावलांच्या ठशांवरून, लेंड्यांवरून, बसल्या-लोळल्याच्या जागांवरून आणि नदीकाठ ढासळलेला दिसतो त्यावरून हत्ती ओळखायचे. कळपातला कोणता, एकटा फिरणारा कोणता, कळपाचा मुखिया कोण, मस्तीत आलेला कोण, पिल्लू कोणते, बंधनातून सुटून आलेला कोणता, याची लेखी नोंद ठेवायची. हत्ती मारणाऱ्याला देहदंड. हे पुस्तक शतकानुशतके हरवलेले होते, आर. शामशास्त्री यांना म्हैसुरात १९०५ साली त्याची पोथी मिळाली आणि १९०९ साली ते छापले गेले. म्हणजे इंग्रज वनाधिकारी जंगलात नोंदवह्या भरत होते तेव्हा याच कामाचा दोन हजार वर्षे जुना नियम ताडपत्रांवर पडून होता.

आपल्या मुलखात मात्र माग काढण्याची कला जनावरांपेक्षा चोरांसाठी अधिक खर्ची पडली. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या प्रदेशाचा अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचे काम नोंदवले आहे. गावात चोरी झाली की जागल्याने पावलांवरून माग काढत शिवेपर्यंत जायचे. माग पुढच्या गावात शिरला की तो त्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. तिथून पुढे जबाबदारी त्याची. माग जिथे खुंटेल त्या गावावर भरपाई. महार, मांग, रामोशी, कोळी, भिल्ल, असे ज्या त्या भागातले लोक हे काम करत. दगडाळ माळावर, नाल्याच्या वाळूत, गुरांच्या खुरांनी तुडवलेल्या वाटेवर एका माणसाचा पाय वेगळा ओळखून काढायचा आणि शेजारच्या गावाने वाद घातला तर तो पटवूनही द्यायचा! चुकले तर गावाला दंड. असल्या परीक्षेतून तयार झालेली नजर हरणाच्या खुराला चुकत नसणार.

गुजरात-राजस्थानात अशा माणसाला पगी म्हणतात. कच्छ-बनासकांठ्याच्या सरहद्दीवरचे रणछोडदास पगी यांनी १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत रणातल्या पावलांवरून सैन्याला वाट दाखवली, ती याच विद्येच्या बळावर. इंग्रजीने हा पग उचलला, त्याला आपला मार्क जोडला आणि पगमार्क करून आपल्याला परत दिला. आता आमच्या ताडोब्यातला गाइडही 'पगमार्क' म्हणतो.

या कथेत एक बोचणारी गोष्ट आहे आणि ती वगळून पुढे जाणे बरे नाही. पावलावरून माणूस नि जनावर ओळखणाऱ्या जमातींपैकी कित्येकांवर, रामोशी आणि पारधी यांच्यासकट, इंग्रजी राजवटीत 'गुन्हेगार' असा शिक्का बसला. १८७१ चा कायदा, त्याच्या पुढच्या सुधारणा आणि १९५२ साली रद्द होईपर्यंत रोजची हजेरी. चोर शोधणाऱ्यालाच चोर ठरवले गेले. फासेपारध्यांना तितर-ससा-हरणांच्या सवयींचे जे ज्ञान होते ते कुणी लिहून घेतले नाही. त्यांची फक्त हजेरी लिहून घेतली.

आता दुसरा धागा. कर्नल विल्यम साइक्स नावाचा एक अधिकारी १८२० च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता. फिरता फिरता त्याने जनावरेही जमवली आणि १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी ठेवली. तिच्यात आपला लांडगा आहे आणि रानकुत्राही आहे. लांडग्याला त्याने लॅटिन नाव दिले पॅलिपेस, म्हणजे फिकट पायांचा. रानकुत्र्याला दिले दुखुनेन्सिस, म्हणजे दख्खनचा. मला या यादीचे महत्त्व वाटते ते वेगळ्याच कारणाने. साइक्सने मराठी माणूस या जनावरांना काय म्हणतो तेही टिपून ठेवले: कोळसून, लांडगा. कोळसून किंवा कोळसुंद हा शब्द आज पुण्या-मुंबईच्या किती वाचकांना ठाऊक आहे? आपण रानकुत्रा म्हणतो, किंवा इंग्रजीच्या वाटेने आलेला ढोल.

नावांचा घोळ आपण स्वतःही कमी घातलेला नाही. शाळेच्या पुस्तकात द्राक्षे आंबट म्हणणारा प्राणी कोल्हा असतो. इसापाच्या गोष्टीतला तो प्राणी म्हणजे आपल्याकडचे खोकड: बारीक अंगाचे, झुपकेदार शेपटीचे, माळावर बीळ करून राहणारे. कोल्हा निराळा, तो लांडग्या-कुत्र्याच्या गोतातला. भाषांतरकाराने एकदा खोकडाचा कोल्हा केला आणि चार पिढ्या मराठी मुले चित्र एकाचे नि नाव दुसऱ्याचे पाहत वाढली. मेंढपाळाच्या तोंडी हा घोळ कधीच नव्हता. कारण खोकड मेंढरू नेत नाही.

साइक्सनंतर ओळखीची जागाच बदलली. जनावर ओळखायचे ते मारून, कातडे काढून, कवटी मोजून, दात तपासून. १८६७ साली टी. सी. जर्डनचा भारतातील सस्तन प्राण्यांवरचा ग्रंथ आला, १८८४ साली रॉबर्ट स्टर्नडेलचा, आणि १८८८ पासून ब्लॅनफर्डचे खंड. या मंडळींची मेहनत अफाट होती. एका जातीचा उंदीर दुसऱ्यापासून वेगळा काढायचा तर दात मोजल्यावाचून गत्यंतर नाही, हेही खरे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत दोन मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन, डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. या दोघांची नावे मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात येतात, निसर्ग-अभ्यासाच्या इतिहासात सहसा येत नाहीत.

याच संस्थेने १९११ साली देशभरच्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. ती १९२३ पर्यंत चालली. सुरुवात झाली खानदेशातून. सी. ए. क्रम्प नावाचा संग्राहक तिथे नमुने गोळा करत होता. वटवाघळे, चिचुंद्र्या, घुशी, मुंगसे, खारी पेंढा भरून, चिठ्ठी बांधून मुंबईला आणि तिथून लंडनला जात. सापळा साहेबाचा, बीळ कुठे आहे हे दाखवणारा माणूस गावचा.

पुढे १९४८ साली सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांचे भारतीय प्राण्यांवरचे पुस्तक निघाले आणि जिवंत जनावर दुरून पाहून ओळखायची सोय सामान्य वाचकाला झाली. प्रेटर संविधान सभेचेही सदस्य होते. एका हातात घटना, दुसऱ्या हातात पाणमांजराचे वर्णन, असा माणूस आता शोधून सापडायचा नाही.

एवढे सगळे होऊनही, या ग्रंथांनी एकच प्रश्न सोडवला होता: हा प्राणी कोण? वाघ की बिबट्या, भेकर की चौशिंगा. ठसा या प्रश्नाचे उत्तर उत्तम देतो. मांजरकुळाचा पंजा गोलसर, नखाविना. तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे. कुत्र्याच्या गोतातला लांबट, नखांसह. अस्वलाला पाच बोटे, आणि मागच्या पायाचा ठसा चटकन लहान मुलाच्या पावलासारखा वाटतो. अनोळखी माणूस तो पाहून दचकतोच. रानडुकराच्या खुरामागे दोन बारके ठिपके पडतात. ससा उडी मारतो तेव्हा मागचे पाय पुढच्यांच्या पुढे पडतात, म्हणून तो उलटा गेल्यासारखे दिसते. साळिंदराच्या पावलांबरोबर कधीकधी काट्यांनी मातीवर ओढलेल्या रेघा असतात. आणि ठसा नसेल तिथे विष्ठा बोलते: तरसाची हाडांच्या चुन्याने पांढरी पडलेली, पाणमांजराची माशांच्या खवल्यांनी चमकणारी, उदमांजराची फळांच्या बियांनी भरलेली. बिबट्याचा पंजा साधारण सात ते नऊ सेंटिमीटर रुंद, पूर्ण वाढलेल्या वाघाचा बाराच्या पुढे. मधल्या मापाला वाघाचा बच्चा आणि दांडगा बिबट्या यांत जाणकारही अडतो.

ठशाला दुसरा प्रश्न विचारला गेला तेव्हा घोटाळा सुरू झाला: हा वाघ कोणता? आणि त्याच्या पाठोपाठ तिसरा: किती?

शिकाऱ्यांना दुसरा प्रश्न पडणे साहजिक होते. माणसे मारणारा एकच वाघ हवा असेल तर त्याचा पंजा ओळखावाच लागतो. तुटलेले बोट, जुनी जखम, लंगडी चाल. जिम कॉर्बेट ठशावरून नर-मादी, वय, वेग सांगत असे. पण तो एका वेळी एका दरीत, एकाच वाघाच्या मागे असे, दिवसेंदिवस. हीच रीत १९३० च्या दशकात पलामूच्या जंगलात जे. डब्ल्यू. निकोल्सन या वनाधिकाऱ्याने वाघ मोजायला वापरली. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधुरी यांनी तिला पद्धतीचे रूप दिले. (खैरी नावाची वाघीण घरात वाढवणारे चौधुरी ते हेच.) १९७२ साली देशभर गणना झाली आणि आकडा आला १८२७. त्या आकड्याने देश हादरला. पुढच्याच वर्षी १ एप्रिलला व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता.

पद्धत अशी. ठरलेल्या आठवड्यात वनरक्षकाने पहाटे आपला बीट पायी तुडवायचा. त्याआधी वाटेवर जागोजागी माती भुसभुशीत करून, चाळून पट्टे केलेले असत. मागच्या डाव्या पायाचा स्वच्छ ठसा सापडला की त्यावर चौकटीत बसवलेली काच ठेवायची. हिला टायगर ट्रेसर म्हणत. काचेवर पेनने बाह्यरेषा काढायची, ती कागदावर उतरवायची, जागा-दिवस-माती लिहायची, जमले तर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचाही घ्यायचा. मग कार्यालयात सगळे कागद टेबलावर पसरून साहेबांनी ठरवायचे: हा आणि तो एकच, हा वेगळा. चौकोनात बसणारा ठसा नराचा, लांबट आयतात बसणारा मादीचा.

या पद्धतीची आता टिंगल करणे सोपे आहे. मला ती करवत नाही. हजारो वनरक्षकांना तिने वर्षातून काही दिवस तरी सबंध बीट पायी फिरवला. कुठे पाणी आटले, कुठे फासे लागले, कुठे झाड पडले, हे त्यांना चालल्यामुळे कळले. जीपमधून ते कळत नाही.

पण तिच्या पायातच खोट होती. गृहीत असे धरले होते की ठसा म्हणजे वाघाच्या बोटाचा ठसा. कलकत्त्यात १८९७ साली बोटांच्या ठशांची कचेरी निघाली तिथे जसे माणसाचे बोट, तसा हा पंजा. वस्तुतः बोटाचा ठसा म्हणजे कातडीवरच्या रेघा; पंज्याचा ठसा म्हणजे मातीला पडलेला खड्डा. तोच वाघ ओल्या वाळूत उतरला की पंजा फाकतो, फुफाट्यात पसरतो, चढावर बोटे रोवतो, घाईत लांबतो. त्यावर काच ठेवून रेघ ओढणाऱ्याचा हात, आणि ती रेघ कागदावर उतरवणाऱ्याचा दुसरा हात! १९८७ साली वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत यांनी एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. पिंजऱ्यातल्या चार वाघांच्या ठशांची तेहतीस रेखाटने त्यांनी सहा अनुभवी जाणकारांपुढे ठेवली आणि विचारले, वाघ किती? उत्तरे सहापासून तेवीसपर्यंत आली. चार कुणीच म्हणाले नाही.

तरी पद्धत चालू राहिली. मला वाटते, त्याचे कारण शास्त्रात नसून कचेरीत होते. दरवर्षी थोडा वाढलेला आकडा सर्वांना सोयीचा. वाघ कमी झाले असे लिहिणाऱ्याची चौकशी, वाढले लिहिणाऱ्याची पाठ थोपटलेली. आकड्याला चुकीची सीमा नसे; इतक्यापासून इतक्यापर्यंत असे कुणी लिहीत नसे. थेट ३६४२. हा २००१-०२ चा देशाचा आकडा. जणू शेवटचे दोन वाघ कुणी बोटांवर मोजले होते.

मग राजस्थानातले सरिस्का आले. कागदावर वाघ होते, २००४ च्या पावसाळ्यानंतर ते दिसेनात, आणि २००५ साली स्पष्ट झाले की तिथे एकही उरलेला नाही. शिकाऱ्यांनी सगळे उचलले होते. पंतप्रधानांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले, त्या वर्षीच त्याचा अहवाल आला, आणि ठशांवरून शिरगणती करण्याची रीत मोडीत निघाली.

तिची जागा घेतली कॅमेऱ्याने, पण कॅमेरा काही तेव्हा जन्मलेला नव्हता. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा संयुक्त प्रांतातला वनाधिकारी. बंदूक ठेवून त्याने वाटेवर तार ताणली आणि तिला कॅमेरा नि झगझगाटी प्रकाश जोडला. वाघ तारेला अडखळे आणि स्वतःचा फोटो स्वतः काढे. १९२५ साली ते फोटो लंडनच्या सचित्र साप्ताहिकात झळकले, १९२७ साली पुस्तक निघाले. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, त्यावरून वाघ ओळखता येतो, हे त्याने तेव्हाच हेरले होते. म्हणजे कोणता या प्रश्नाचे खरे उत्तर १९२० च्या दशकातच सापडले होते, आणि आपण पुढची सत्तर-ऐंशी वर्षे त्यासाठी माती उकरत बसलो. कारंतांनी १९९० च्या दशकात नागरहोळेत कॅमेरे लावून पट्ट्यांची ओळख आणि संख्याशास्त्र यांची सांगड घातली. पहिल्यांदा किती दिसले, पुन्हा त्यांतले किती दिसले, यावरून न दिसलेले किती असतील याचा अंदाज. न दिसलेल्याचा हिशेब ठेवणे हे यातले मर्म आहे; काचेच्या पद्धतीत ते नव्हतेच.

नव्या रीतीने २००६ चा आकडा आला १४११, आणि वर्तमानपत्रांनी लिहिले की चार वर्षांत निम्म्याहून अधिक वाघ मेले. हे चूक होते. दोन वेगळ्या मापांनी मोजलेले कापड एकमेकांतून वजा करता येत नाही. वाघ कमी झाले होते खास. किती, ते ३६४२ मधून काढता येणार नव्हते, कारण ३६४२ हा आकडाच मुळात कशाचा होता हे कुणी सांगू शकत नव्हते.

कॅमेऱ्यांनी पुढे कमाल केली. २०१८ च्या गणनेत २६,८३८ जागी कॅमेरे लागले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो निघाले. त्यांत वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. गिनीज बुकात नोंद झाली. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्राचे वाघ ४४४ भरले. २००६ साली ते १०३ होते. पण त्याच २०१८ च्या अहवालातला एक आकडा मला जास्त आवडतो: खुणा शोधत माणसे पायी चालली ते अंतर, ५,२२,९९६ किलोमीटर. कॅमेरा कुठे बांधायचा हे कॅमेऱ्याला कळत नाही. वाघ कोणत्या वाटेने जातो ते ठसा सांगतो, आणि ठसा बघायला वनरक्षक, वनमजूर, बरोबर गावचा एखादा गोंड, कोरकू किंवा माडिया लागतोच. ठशाला आता पुन्हा त्याचा मूळचा प्रश्न विचारला जातो, कोण गेले? त्याचे उत्तर तो पूर्वीइतकेच चोख देतो.

उसाच्या मुलखातही हेच घडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात, जिथे राखीव जंगल नाही आणि माणसांची दाट वस्ती आहे, कॅमेरे लावले. २०१३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला: दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकीच तरसे. गावकरी बिबट्याची गोष्ट करतात. तरसाचे नाव फारसे कुणी काढत नाही, आणि काढलेच तर ते भुताच्या गोष्टीत. आमच्या मावशीच्या बांधावरचे तरस त्या मानाने नवलाचे नव्हतेच. नवल एवढेच, की ते ओळखणारा माणूस तिथे एकच होता.

मराठीत हे ज्ञान कागदावर आणण्याचे काम प्रामुख्याने एका वनाधिकाऱ्याने केले. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. हयात गेली नवेगाव, नागझिरा, मेळघाटच्या जंगलांत. त्यांनी रानातल्या माणसांकडून शब्द गोळा केले, पक्षीकोश केला, हंसदेवाचे तेराव्या शतकातले मृगपक्षिशास्त्र मराठीत आणले. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या पुस्तकांत माहिती आहेच; पण मला मोलाचे वाटते ते हे, की ती माहिती कुणी दिली, कुठल्या वाटेवर दिली, हे ते आवर्जून सांगतात. साइक्सने नाव टिपले होते. चितमपल्लींनी नाव सांगणारा टिपला.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री विदर्भातल्या पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राणी मोजण्याची प्रथा आहे. मी एकदा बसलो होतो. रात्रभरात आम्ही सात रानडुकरे, एक भेकर, दोन सांबरे आणि एक 'बहुतेक अस्वल' असे लिहिले. सकाळी खाली उतरल्यावर बरोबरच्या वनमजुराने पाण्याकाठचा चिखल बघितला, आमच्या कागदाकडे बघितले आणि 'बहुतेक अस्वल' खोडून 'रानडुक्कर' करायला सांगितले. शिवाय त्याने एक ओळ वाढवली: बिबट, एक, पहाटे. चिखलात ठसा ताजा होता, कडा अजून धारदार होत्या, आत पाणी झिरपत होते. तो आमच्या मचाणाखालून गेला होता आणि वर आम्ही चौघे जागे होतो.

तुमच्या शेतात, बांधावर, विहिरीच्या वाटेवर असा ठसा दिसला तर एवढे करा. माणसे त्यावर जमू देऊ नका. एक घमेले पालथे घालून झाका. फोटो काढायचा तर सरळ वरून काढा आणि शेजारी काडेपेटी ठेवा, नाहीतर फोटोतल्या मांजराचाही वाघ होतो. एकाच ठशाचा काढू नका. पुढच्या-मागच्या पायाचे, ओळीने चार तरी काढा. ते वनरक्षकाला दाखवा किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि फोटो कुठेही धाडण्याआधी, जवळपास कुणाची मेंढरे बसली असतील तर तिथल्या म्हाताऱ्याला बोलावून आणा.